मालकाच्या रकान्यात

मालकाच्या रकान्यात तिचंच नाव होतं. समता. आणि त्याच ओळीच्या टोकाला, जिथं फोल्डरचं नाव येतं तिथं, दीपक. समतानं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. ओळ तशीच होती. मग तिनं पडद्यावर बोट टेकवून ती ओळ पहिलीतल्या मुलासारखी डावीकडून उजवीकडे वाचत नेली आणि मध्येच बोट चटकन मागं घेतलं, कारण पडद्याला बोट लावलेलं दीपकला खपत नसे. दीपकला जाऊन तीन वर्षं झाली होती. पण ही गोष्ट तिच्या बोटांना अजून कुणी सांगितलेली नव्हती. बाहेर मैदानावर पीटीच्या सरांची शिट्टी वाजत होती, खोलीत यंत्राचा पंखा घरघरत होता, आणि समताला वाटलं की कुणीतरी येऊन दाराशी उभं राहिलंय आणि आपण काय करतोय ते बघतंय. ती वळली नाही. वळलं की कुणी नसतं, हे आता तिला पाठ झालं होतं. न वळता बसून राहिलं की निदान काही वेळ तरी कुणीतरी असतं.

काम तसं साधं होतं. संस्थेचा मेल सर्व्हर म्हातारा झाला होता. बुलढाण्यात बसून चिखली, उंद्री, डोणगाव अशा ठिकाणच्या शाळा चालवणाऱ्या या संस्थेची सगळी डाक त्या एका खोक्याच्या पोटात होती. आजकाल लोक मेल बाहेरच्या कंपन्यांकडे ठेवतात आणि निवांत झोपतात. पण संस्थापक किसनरावांनी हयातीत एकदा सांगून ठेवलं होतं की आपली डाक आपल्या घरात राहील, आणि ते गेल्यावर तो शब्द मोडायची कुणाची छाती झाली नाही. मेलेल्या माणसाचा शब्द जित्या माणसापेक्षा जास्त चालतो. खोटं वाटत असेल तर कुठल्याही संस्थेच्या कार्यालयात जाऊन बघावं. तर त्या सर्व्हरची डिस्क काही दिवसांपासून टक् टक् करू लागली होती. सचिव पंजाबराव स्वतः येऊन खोक्याला कान लावून ऐकून गेले होते. घड्याळ बसवलं की काय याच्यात, असं म्हणून ते हसले, आणि बाकी कुणी हसलं नाही तेव्हा गंभीर झाले. आजवर दर शनिवारी समता हजेरीपट धरून हातानं नक्कल काढायची. पंजाबराव कपाट उघडून मुख्य पासवर्डाची चिठ्ठी काढून देत, काम झालं की ती चिठ्ठी परत करी. पण परीक्षा आल्या, निवडणुकीच्या ड्यूट्या लागल्या, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं अशी गत होऊन शनिवार चुकत गेले. आता सचिवांचा आदेश होता: रोज, आपोआप, माणसाचा हात न लागता, सगळ्या मेलची नक्कल चिखलीच्या यंत्रावर गेली पाहिजे. आणि आजच. डिस्क बसली की मग टाळ वाजवण्यापलीकडं काही उरणार नव्हतं.

रोजच्या कामाला मुख्य पासवर्ड वापरायचा नाही, हा दीपकचा नियम होता. साऱ्या गावाच्या घरांना लागणारी एक किल्ली असेल तर ती खिशात घालून कुणी बाजाराला जात नाही, असं तो म्हणायचा. म्हणून त्यानंच कधीकाळी एक वेगळं खातं करून ठेवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं राखण. ज्वारी निसवली की मळ्यात माळ्यावर कुणीतरी बसतं. सगळं रान त्याच्या नजरेखाली असतं, पण एका कणसाला हात लावायचा त्याला हक्क नसतो. राखणनं नुसतं वाचायचं, उतरवून घ्यायचं. बदलायचं नाही, पुसायचं नाही. त्या खात्याला कधी काम लागलं नव्हतं. समतानं सकाळी त्याला उठवून पहिल्यांदा कामाला धाडलं तेव्हा सगळ्याच दारांनी त्याला हाकललं. परवानगी नाही, परवानगी नाही, परवानगी नाही. ओळीमागून ओळ. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक मेलबॉक्सला मालक असतो, आणि मालक सोडून कुणाला आत घ्यायचं हे सांगून ठेवावं लागतं. तिनं पंजाबरावांकडून चिठ्ठी आणली, हजेरीपट समोर ठेवला, एकेका कर्मचाऱ्याचं नाव घेत त्याच्या मेलबॉक्सवर राखणला वाचायची मुभा दिली आणि चिठ्ठी नेऊन दिली. दुसऱ्या खेपेला राखण जनगणनेच्या मास्तरासारखा दारोदार फिरत गेला, बिनबोभाट, आणि एका दाराशी अडला. तो मेलबॉक्स तिच्या हातून सुटला होता, कारण त्या माणसाचं नाव हजेरीपटावर नव्हतं. मालक कोण ते तिनं तपासलं. तिथं काही नसेल, फार तर नावाऐवजी नुसता एक आकडा असेल, असं तिला वाटलं होतं. आणि तिथं ती स्वतः होती.

ती इथं आली तीच मुळी दीपकच्या जागेवर. अनुकंपा तत्त्वावर. हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरात माणसांची दाटी होती, आणि कुणीतरी चुलत सासरा दुसऱ्याला सांगत होता की काळजीचं कारण नाही, अनुकंपामधी सुनेले लागून जाईन. जणू एक नवरा गेला की त्याबदली एक नोकरी येते, असा सरळ व्यवहार होता. आली तेव्हा तिला कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगपलीकडं काही येत नव्हतं. शिकली. वाहेदनं शिकवलं, उरलेलं चुका करून आलं. खुर्ची दीपकची होती आणि तिची उंची त्याच्या पायांच्या हिशेबानं ठरलेली होती. समताचे पाय जमिनीला जेमतेम टेकत, पण खुर्चीखालचा दांडा दाबून ती खाली घ्यावी असं तिला कधी सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि झालं नसेल. तारांना त्यानं बांधलेल्या चिकटपट्ट्यांवर त्याचं अक्षर होतं. फोन वाजला की डोणगावचे जुने हेडमास्तर अजून सवयीनं, दीपक का, असं विचारत, आणि मग ओशाळून गप्प होत, आणि तीच त्यांना सावरून घेई. पगार त्याच्या जागेचा, हजेरीपटावरचं नाव त्याच्या ओळीत, चहा प्यायची बाकड्यावरची जागा त्याची. कधीकधी खोलीत एकटी असताना तिला अशी धास्ती वाटे की आपण इथं बसलो आहोत म्हणून त्याला कुठं बसता येत नाही. मेल्या माणसालाही मरायला थोडी जागा लागत असेल, आणि ती आपण अडवून धरली आहे.

आणि मोताळा. तो तर घरात पाण्याच्या माठासारखा कायमचा होता. दीपक गेला तो राजूर घाटात, मोताळ्याच्या वाटेवर, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, स्वच्छ उन्हात. समोरून गाडी नाही, रस्ता ओला नाही, वळण रोजचं. मोटरसायकल कठड्यापलीकडं गेली. घाटाच्या माथ्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं की ते थांबले होते, तोंडावर पाणी मारलं, जरा वेळ दरीकडं बघत उभे राहिले आणि गेले. बस एवढंच. मोताळ्याला संस्थेची शाळा नाही, सोयरीक नाही, बाजाराचा दिवसही नव्हता तो. कार्यालयात त्यानं सांगितलं होतं की घरी जाऊन येतो, आणि घरी तो आला नव्हता. मग माणूस मोताळ्याला कशाला जाईल? लोकांनी आपापल्या कुवतीप्रमाणं उत्तरं काढली. कुणी बाई म्हणालं, कुणी जमिनीचा सौदा, कुणी म्हणालं तिकडं एक वैद्य आहे, आणि कुणी काहीच न म्हणता नुसतं दरीच्या बाजूला मान हलवली. समताच्या मामानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची, उकरू नको. तिनं उकरलं नाही. पण जाणून घ्यावंसं वाटलं नाही असा एक दिवस गेला नाही. तो पडला की त्यानं स्वतःला सोडून दिलं, हे जाणणं तिला हवं होतं. अंगात ताप असताना पाणी हवं असतं तसं हवं होतं. सासू, तानुबाई, वेगळ्या तऱ्हेची. ती रोज संध्याकाळी परातीत पीठ घेऊन बसली की पिठाकडं बघत एकदा विचारायची, काऊन गेला असन व तो मोताळ्याले? उत्तराची वाट बघायची नाही. पाणी घालून मळायला लागायची.

समतानं वाहेदला फोन लावला. वाहेदचं चिखलीला कॉम्प्युटरचं दुकान होतं, संस्थेची यंत्रं तोच सांभाळायचा, आणि आयटीआयपासून तो दीपकचा दोस्त. आधी त्यानं तिला घाबरू नका म्हणून सांगितलं, मग तो स्वतःच जरा गडबडला, मग त्यानं नीट उलगडा केला. यंत्राला नावं कळत नाहीत. त्याला फक्त नंबर कळतात. प्रत्येक खात्याला एक नंबर, आणि फायलीवर मालक म्हणून तो नंबरच लिहिलेला. नाव हे आपल्या डोळ्यांसाठी. दीपकचं खातं काढून टाकलं तेव्हा त्याच्या मेलवर नुसता नंबर उरला. पुढं समता नोकरीवर लागली, तिचं खातं उघडलं, आणि यंत्रानं तिला तोच रिकामा झालेला नंबर देऊन टाकला. त्या दिवसापासून दीपकची सगळी डाक तिची. कुणी केलं नाही, कुणी ठरवलं नाही. पण एवढ्या माणसांत नेमका तोच नंबर का, असं तिनं विचारलं. वाहेद म्हणाला की यंत्र नेहमी शेवटच्या माणसापुढचा नंबर देतं. दीपक नसता शेवटचा तर त्याचा नंबर तसाच पडून राहिला असता. पण सर्व्हर बसवला तेव्हा त्यानं किसनरावांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची खाती केली, आणि सगळी झाल्यावर आपलं केलं. त्यानंतर समतापर्यंत संस्थेत नवं कुणी लागलं नाही, आणि राखणसारख्या कामाच्या खात्यांचे नंबर वेगळ्याच रांगेतले.

हे ऐकून समताला हसू आलं. दुसरं काय करणार होता तो. कुणाच्याही लग्नात जा, वरणाची बादली दीपकच्या हातात. पंगतीमागून पंगत वाढत राहायचा, माणूस आग्रहानं बसवायला लागला तर बसतो बसतो म्हणत पुढच्या पानाकडं सरकायचा, आणि शेवटी आचाऱ्यांबरोबर खरवड खायचा. स्वतःच्या लग्नातही त्याला ओढून बसवावं लागलं होतं. ती त्याच्यावर चिडायची. तुमच्या वाट्याला नेहमी उरलेलंच येणार, म्हणायची. आता त्याच्या त्या मागं राहण्यानंच त्याचा नंबर तिच्या पदरात येऊन पडला होता.

फोनवर वाहेद अजून होता. तो जरा हळू आवाजात म्हणाला, "भाभी, मले त्याचे मेलबी मिटवाले सांगतले होते. म्या नाव मिटवलं. मेल नाही मिटवले. हात नाही चालला माझा."

"उघडून पाह्यले काय तुमी?"

"नाही हो. अमानत होती ना ते."

"कोणाची?"

"तवा मालूम नव्हतं. आता तं तुमचीच दिसून राह्यली."

तिनं फोन ठेवला. टक् टक् चालू होतं. तसं पाहिलं तर दर शनिवारी मुख्य पासवर्ड तिच्या हातात येत होता, आणि त्या पासवर्डानं कुठलंही दार उघडलं असतं. दर शनिवारी तिला ते आठवायचं. आणि दर शनिवारी ती स्वतःला सांगायची की ती चोरी होईल; दुसऱ्याची किल्ली घेऊन आपल्या माणसाच्याही पेटीत हात घालू नये. किती बरं वाटायचं तसं म्हणताना. आपण चांगल्या आहोत म्हणून बघत नाही, असं वाटायचं. आज ते सोंग गळून पडलं. आता ती चोरी नव्हती. आता किल्ली लागतच नव्हती. तिच्याच नावावरचं होतं ते, ती इथं आल्या दिवसापासून तिच्याच नावावर होतं, आणि ती रोज त्यावरून ये-जा करत होती. तिनं आत शिरायची आज्ञा लिहिली. शेवटची कळ दाबायची राहिली. त्या शेवटच्या महिन्यात तो कार्यालयात उशिरापर्यंत थांबायचा, घरी आला की हातपाय धुऊन गुमान जेवायचा, आणि तिनं काय झालं म्हणून विचारलं की म्हणायचा, काही नाही, डोळे थकले. डोळ्यांत थेंब घालायला तो मान मागं टाकून बसायचा, ती थेंब घालायची, आणि त्याचे मिटलेले डोळे बराच वेळ मिटलेलेच राहायचे. तेव्हा तो आत कुठं होता? ते इथं असेल. कुणाला लिहिलं असेल, कुणी त्याला लिहिलं असेल. एका कळीच्या अंतरावर. तिला खूप भीती वाटली. त्यानं आपल्याला सोडून दिलं असेल याची, आणि तितकीच, तसं काही नसेल, नुसत्या परीक्षेच्या तारखा असतील, याची.

पंजाबराव डोकावले. झालं का, असं त्यांनी विचारलं. एक मेलबॉक्स अडलाय म्हणून तिनं सांगितलं, आणि कुणाचा तेही, नाव न घेता, सांगितलं. पंजाबराव मनानं वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले की तो सोडून द्या, बाकीचे जाऊ द्या, त्या माणसाला आता डाकेचं काय. आणि जाता जाता म्हणाले की जेवून या, चेहरा उतरलाय तुमचा. सोडून देणं सोपं होतं. राखणला एक ओळ सांगितली असती की या दाराशी जाऊ नको, तर तो गेला नसता. डिस्क आज ना उद्या बसली असती आणि दीपकची डाक तिच्यासोबत गेली असती. कुणाचा बोल आला नसता. तिनं ती आज्ञा तशीच अर्धी ठेवली, पडदा बंद केला आणि घरी गेली.

घर चालत जाण्याच्या अंतरावर. तानुबाई चुलीवर नसेना का, गॅसवर भाकरी थापत होती. गॅसवर भाकरीला चव नाही असं रोज म्हणायची आणि रोज थापायची. समता ओट्याशी उभी राहिली. जेवून सांगावं असं तिनं ठरवलं होतं, पण तेवढा दम निघाला नाही.

"आई, ह्यांचे मेल हायेत अजून मशीनवर. मले उघडता येते."

तानुबाईनं भाकरी उलटली.

"ते मोताळ्याले काऊन गेले, ते असू शकते त्याच्यात."

"कोणी सांगतलं तुले उघडाले?"

"कोणी नाही. मशीन म्हणते, ते माह्यंच हाये."

"मंग पाह्य. तुले पाहाचं तं पाह्य." तिनं भाकरी तव्यावरून आचेवर टाकली, ती फुगली, आणि फुगलेल्या भाकरीकडं बघत ती म्हणाली, "मले सांगू नको."

समताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुमी तं रोज इचारता ना."

"इचारतो. रोज इचारतो म्हून तं तो अजून रस्त्यात हाये. जाऊन राह्यला मोताळ्याले. तू पाह्यलं तं तो पोचन. अन् पोचला की सरलं."

तिनं ताटात भाकरी वाढली, वर तेल-ठेचा, बाजूला कांदा. बस, म्हणाली. समता बसली. तिला सासूचा राग आला. तिचा मुलगा रस्त्यात आहे, आणि आपण? आपणही तीन वर्षं त्याच रस्त्यात उभ्या आहोत, घाटाच्या माथ्यावर, चहावाल्याशेजारी, तो गेला तिकडं बघत. कुणी आपल्याला विचारत नाही की बाई, तू का थांबलीस. म्हातारीला प्रश्नानं पोट भरतं. आपलं भरत नाही. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तानुबाई समोर बसून तिच्या ताटाकडं बघत होती, अजून अर्धी घे म्हणत होती, आणि तिच्या हातांवर पिठाचा पांढरा थर तसाच होता. समतानं अर्धी घेतली.

परत येताना वारा होता. बुलढाण्यात डोंगरावरचा वारा हिवाळ्यात भर दुपारीही अंगाला झोंबतो; तिनं ओढणी कानांवरून घेतली. तिला सासूचं पटलेलं नव्हतं. पण चालता चालता तिच्या हे ध्यानात येत गेलं की आपल्याला काय नकोसं झालंय. त्याची खुर्ची आपली, त्याची ओळ आपली, त्याचा नंबर आपला. आणि आता त्याच्या मनातलंही आपलंच, तेही त्यानं दिलं म्हणून नव्हे, यंत्राला दोन माणसांतला फरक कळला नाही म्हणून. त्याचं म्हणून जगात काही उरलंच नाही. सगळं तिच्यावर चढत गेलं आणि ती त्याच्याखाली दबली, किंवा तो तिच्याखाली. तिला दीपक वेगळा हवा होता. जिवंत असताना तो तिच्यापासून वेगळा होता. त्याच्या मिटल्या डोळ्यांआड तिला जाता येत नव्हतं, आणि म्हणून तर तो तिचा नवरा होता, तिची सावली नव्हता. त्याला काही सांगायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं. किंवा नसतंही सांगितलं. यातलं काय खरं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला रडू येत होतं, आणि रस्त्यात शाळेची पोरं नमस्कार मॅडम म्हणत होती म्हणून तिनं रडू आवरलं.

ती सरळ पंजाबरावांकडं गेली आणि चिठ्ठी मागितली. सकाळी तर दिली होती, आता पुन्हा कशाला, असं त्यांनी विचारलं.

"एक खातं उघडायचं आहे सर."

"कोणाचं?"

"दीपकचं."

लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते नाव. त्यानंतर चार माणसांत ते तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. पंजाबरावांनी तिच्याकडं बघितलं. हजेरीपटावर नसलेल्या माणसाचं खातं उघडता येत नाही, हे ते म्हणणार होते. म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. मग खिशातून किल्ल्या काढून ते कपाटाकडं वळले. काम झालं की लगेच आणून द्या, एवढंच म्हणाले.

खातं करायला वेळ लागला नाही. यंत्रानं पूर्ण नाव विचारलं. तिनं एकेक अक्षर टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, लग्नाच्या पत्रिकेवर होतं तसं. नंबर तिनं यंत्राला निवडू दिला नाही. सगळ्या नंबरांपासून दूर, पुढं कितीही माणसं लागली आणि गेली तरी कुणाला मिळणार नाही असा एक नंबर तिनं स्वतः दिला. मग तो मेलबॉक्स त्याच्या नावावर केला. राखणला वाचायची, उतरवायची मुभा दिली. इतर सगळ्यांना बंद. इतर सगळ्यांत तीही होती, आणि हे तिनं समजून उमजून केलं. मालकाच्या रकान्यात दीपक आला. तिनं ओळ पुन्हा वाचली, या वेळी बोट न लावता. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि त्याच्या जागी लगेच गार, मोकळी भीती आली. आता तो वेगळा होता. आता तो खरंच नव्हता. ती उठली, चिठ्ठी पंजाबरावांना दिली, कपाटाला कुलूप लागलेलं बघितलं आणि परत येऊन राखणला कामाला लावलं.

या खेपेला कुणी अडवलं नाही. नावं वाहू लागली. एकेक कर्मचारी, त्याच्या मेलबॉक्सातले एकेक कप्पे, पडद्याच्या तळातून उगवून वर सरकत नाहीसे होणारे. हेडमास्तर, कारकून, ग्रंथपाल. मग दीपक आला. ती पुढं झुकली. आलेले, पाठवलेले, कच्चे. मग त्यानं स्वतः केलेले कप्पे. तो सगळं गावावार लावायचा, जिथं जिथं शाळा तिथं तिथं एक कप्पा, इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं. चिखली. डोणगाव. मोताळा. उंद्री.

पुढची नावं वर सरकत राहिली, पण ती तिला दिसली नाहीत. मोताळ्याला शाळा नाही. कधी नव्हती. त्या कप्प्यात किती होतं कुणास ठाऊक. त्यावर राखण क्षणभर थांबल्यासारखा वाटला, की तिलाच तसं वाटलं. तिचे हात आपसूक कळांवर गेले. सकाळी अर्धी ठेवलेली आज्ञा तिनं पूर्ण केली, स्वतःच्या नावानं, आणि कळ दाबली. परवानगी नाही. तिनं पुन्हा दाबली. परवानगी नाही. तासाभरापूर्वी तिनंच ते दार लावून घेतलं होतं. कपाट दोन खोल्या पलीकडं होतं. पंजाबरावांनी काही न विचारता तिसऱ्यांदाही चिठ्ठी दिली असती, आज दिली असती, उद्या दिली असती, कधीही. ती उठली. खुर्ची मागं सरकली. दारापर्यंत गेली, आणि तिथं चौकटीला हात लावून उभी राहिली, बराच वेळ, घाटाच्या माथ्यावर माणूस उभं राहतं तशी.

मग ती येऊन बसली. चिखलीच्या यंत्रावर सगळं उतरल्याचा निरोप आला होता. आता फक्त रोजचं आपोआप लावून द्यायचं होतं. यंत्रानं वेळ विचारली, तिनं दुपारची दिली, आपण जेवून परत येतो त्यानंतरची. मग त्यानं विचारलं की रोजच्या अहवालात काय हवं: फक्त चुका, की सगळी नावं, एकेका कप्प्यासकट? शहाणी माणसं चुकाच मागवतात. सगळी नावं रोज कोण वाचत बसणार. समतानं बाहेर बघितलं. शाळा सुटत होती. तिनं लिहिलं, सगळी. आणि अहवाल कुणाकडं धाडायचा, त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.